गाडी केव्हा तापते?



यंदाच्या व्याख्यानमालेची पत्रिका घरोघर गेली तेव्हा काही जणांनी संयोजकांना विचारलं म्हणे, की काल संतसाहित्य, उद्या अर्थसंकल्प, मग मध्येच हे इंजिन कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्या गुरुजींनी हयातभर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवलं. मी त्यांच्याच वर्गातला, आणि घाटकोपरला गॅरेज चालवून पोट भरतो. त्यांच्या नावाच्या मालेत एक संध्याकाळ रेडिएटरच्या वाट्याला आली तर त्यात वावगं काही नाही. शिवाय या सभागृहाबाहेर आत्ता ज्या गाड्या दुहेरी रांगेत उभ्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा शनिवारी पहाटे लोणावळा, नाशिक नाहीतर कोकणाच्या वाटेला लागतील. त्यातली एखादी खालापूरच्या आधी बॉनेट उघडून उभी असेल. आज बोलायचं ते त्या गाडीबद्दल.

‘गाडी तापते’ ही तक्रार फार ढोबळ आहे. मला अभिप्रेत असलेली गाडी अंधेरीच्या एस. व्ही. रोडवर तासभर रखडली तरी शांत असते. मुलुंडला एलबीएस मार्गावर मेट्रो चारच्या खांबांशेजारून रांगत जाते, तरी काटा जागचा हलत नाही. पण पनवेल मागे टाकून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर ताशी शंभरचा वेग धरला, की दहा-पंधरा मिनिटांत काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. वेग सत्तरवर आणला की निमूट खाली येतो. मालक चक्रावतो. गर्दीत वारा नसताना तापत नाही आणि समोरून एवढा वारा लागत असताना तापते, हे कसं? माझं सांगणं असं, की गाडी केव्हा तापते या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं तर काय बिघडलंय हे निम्म्याहून जास्त कळतं. आपल्याकडे नेमका तोच प्रश्न न विचारता पाने हातात घेतले जातात आणि मग एकेक पार्ट बदलत जाण्याचा खर्चीक खेळ सुरू होतो.

आधी थोडा हिशेब करू. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक चाकं फिरवतो, एक सायलेन्सरमधून जातो आणि एक इंजिनाभोवतीच्या पाण्यावाटे रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. म्हणजे चाकांना जेवढी ताकद पोचते, जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरच्या वाट्याला येते. आता साधी हॅचबॅक घ्या, माणसांसकट तेराशे किलोची. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जायला तिला सुमारे सव्वादोन किलोवॉट पुरतात. ताशी १०० ला किती लागतील? वेग अडीचपट झाला म्हणून ताकद अडीचपट, असं होत नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. त्यामुळे टायरांचा विरोध धरून गणित साडेबारा किलोवॉटवर, म्हणजे साडेपाचपटीवर जातं. आपल्या घरातला पंधरा लिटरचा गिझर साधारण दोन किलोवॉटचा असतो. असे सहा गिझर एकदम चालू ठेवले तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी दोन-अडीच फूट रुंद आणि जेमतेम इंचभर जाडीच्या त्या जाळीने सलग तासभर बाहेर टाकायची आहे. एसीची उष्णता वेगळी, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच बसवलेला असतो आणि रेडिएटरला मिळणारा वारा तो आधीच तापवून ठेवतो.

घाटाचा हिशेबही असाच करता येतो. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटरची चढण आहे. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी तेवढी उंच उचलायला सव्वादोन युनिट ऊर्जा लागते. हा चढ बारा मिनिटांत संपवला तर नुसती उंची गाठायला अकरा किलोवॉट झाले, आणि वाऱ्याचा व टायरांचा विरोध त्यावर आणखी. रेल्वेने हे वास्तव आरंभापासून मान्य केलं. १८६३ साली बोरघाटातून रूळ गेले तेव्हा चढ ठरला सदतीसला एक. आजही तो चढताना कर्जतला गाडीला जादा इंजिनं जोडतात. आपल्या गाडीला कर्जतला कुणी काही जोडत नाही. आहे त्याच इंजिनाने आणि आहे त्याच रेडिएटरने घाट काढायचा असतो.

इथून मूळ प्रश्नाकडे येऊ. रेडिएटरला आतून वाहतं पाणी लागतं आणि बाहेरून वाहता वारा. गाडी उभी असते तेव्हा वारा पंखा देतो. ताशी पन्नास-साठच्या पुढे धावण्यामुळेच पुरेसा वारा येतो आणि पंख्याचं काम जवळपास संपतं. म्हणून जी गाडी सिग्नलला तापते आणि पळू लागली की निवते, तिथे पंखा, त्याची मोटर, रिले, फ्यूज आणि तापमानाचा सेन्सर पाहायचा. जी पळाली की तापते, तिथे पंख्यावरचा संशय बाजूला ठेवायचा आणि चार गोष्टी धरायच्या: पाण्याचा प्रवाह, रेडिएटरची उरलेली क्षमता, वाऱ्याची वाट आणि इंजिनात तयार होणारी जादा उष्णता. दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत, आणि एकीचा इलाज दुसरीवर केला की पैसे जातात, तक्रार राहते.

हा फरक मुंबईने डोळ्यांनी पाहिलेला आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणारी फियाट, जी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली, तिचा पंखा इंजिनावरच्या पट्ट्याने फिरायचा. इंजिनाची गती मंदावली की पंखाही मंदावायचा. त्यामुळे ती गर्दीत तापायची आणि खंडाळ्याच्या चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येही तापायची. डिकीत पाण्याचा कॅन असणं हा त्या काळी प्रवासाच्या तयारीचाच भाग होता. मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, पट्ट्याचं तोंड चाकाच्या बाजूला. पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर आणणं शक्यच नव्हतं, म्हणून विजेचा पंखा आला. इंजिन कितीही मंद चालो, पाणी ठरावीक अंशांवर पोचलं की तो आपला आपण सुरू व्हायचा. गर्दीतलं तापणं त्या दिवसांपासून कमी झालं. पुढे जवळपास सगळ्याच छोट्या गाड्या या वाटेने गेल्या.

गाड्या बदलल्या, पण कारागिरीच्या सवयी पद्मिनीच्याच राहिल्या. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, नळाचं पाणी भरा आणि बिनधास्त पळवा’ हा तिच्या जमान्यातला सल्ला मात्र अजून उतरलेला नाही. त्यातला एकेक भाग तपासू.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. पाणी ८२ ते ८८ अंशांच्या आसपास पोचलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडू लागते. पंच्याण्णवच्या सुमारास ती पूर्ण उघडी हवी. ‘आपल्याकडे कुठे थंडी आहे, काढून टाका’ असं म्हणणारे एक गोष्ट विसरतात. बऱ्याच इंजिनांत हीच झडप उघडताना दुसरीकडची आडवाट बंद करते. थंड इंजिनात पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच फिरावं म्हणून ती आडवाट ठेवलेली असते. थर्मोस्टॅट काढला की ती कायमची उघडी राहते. मग गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटता परत इंजिनात जातो आणि हायवेवर गाडी जास्तच तापते. शहरात उलटं होतं. इंजिन पुरेसं गरमच होत नाही, संगणकाला वाटतं अजून सकाळच आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, आणि जळलं नाही ते पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. झडप अर्धवट उघडत असेल तर तिच्या जागी नवी, त्याच अंशांची झडप बसवायची. तपासायचं तर पातेल्यात पाणी, त्यात झडप आणि थर्मामीटर सोडून गॅसवर ठेवा. किती अंशांना हलते आणि शेवटी किती उघडते, दोन्ही पाहा. नुसतं ‘उघडते’ एवढं पुरत नाही. अर्धवट उघडणारी झडप अंधेरी ते बोरिवली निभावून नेते. मिनिटाला तीस-चाळीस लिटर पाणी फिरवायची वेळ आली, की तीच गळा आवळते.

दुसरा सल्ला साध्या पाण्याचा. ‘कूलंट कशाला, इथे काय बर्फ पडतो?’ असं हमखास ऐकू येतं. गोठू न देणं हे कूलंटचं एकच काम असतं तर हे खरं मानता आलं असतं. पण निम्मं ग्लायकॉल मिसळलेलं पाणी उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. त्यावर रेडिएटरच्या झाकणाचा दाब आला, की उकळायची पातळी १३० च्या जवळ जाते. साधं पाणी त्याच दाबाखाली १२० ला उकळतं. शिवाय कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्यं असतात. लोखंडी ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात असताना ती नसतील तर धातू झिजत जातो. त्यात पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. तानसा, वैतरणा, भातसाचं पालिकेचं पाणी पावसाच्या तलावांचं, तुलनेने मऊ. पण सोसायटीत गाड्या धुवायला जो मागचा नळ असतो तो बहुधा बोअरवेलचा. खाडीजवळच्या भागात तर ते पाणी खारटच. वॉचमन प्रेमाने बाटली भरून देतो, आपण रेडिएटरमध्ये ओततो आणि त्यातला चुना नळ्यांच्या आत थराथराने बसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने हा थर उष्णता जवळपास नेतच नाही. म्हणून कूलंट तयार मिश्रणाचं घ्यावं, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात करावं. त्याच्या रंगावर मात्र भरवसा ठेवू नये. हिरवं-गुलाबी हे फक्त रंग आहेत. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिलाय तोच घ्यावा.

राहिलं ‘बिनधास्त पळवा’, आणि तिथे उपनगरांची गोष्ट येते. सोमवार ते शुक्रवार आपली गाडी काय करते? बांद्र्यापासून दहिसरपर्यंतचा पश्चिम द्रुतगती महामार्ग असो की शीव ते ठाणे हा पूर्व द्रुतगती, नावात ‘द्रुतगती’ असून ऑफिसच्या वेळेला गती बैलगाडीची. या वेगात रेडिएटरकडून त्याच्या क्षमतेचा जेमतेम पाचवा हिस्सा मागितला जातो. म्हणजे रेडिएटर निम्मा बुजला तरी शहरात कुणाला पत्ता लागत नाही. बिघाड इथे साठत जातो आणि दिसतो खालापूरला. लोक म्हणतात, ‘परवापर्यंत ठणठणीत होती.’ परवापर्यंत तिची परीक्षाच झालेली नसते.

बुजण्याची कारणंही इथलीच आहेत. मेट्रो सातचं काम २०१६ मध्ये पश्चिम द्रुतगतीवर सुरू झालं आणि पहिला टप्पा २०२२ मध्ये धावू लागला. तेवढी वर्षं त्या रस्त्याने सिमेंटची धूळ खाल्ली. एलबीएस मार्गावर मेट्रो चारची धूळ आहे. इमारतींच्या पुनर्विकासाची धूळ तर प्रत्येक गल्लीत. ही धूळ कंडेन्सरच्या पट्ट्यांतून आत जाते आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत अडकते. तिथे पावसाळ्याचा ओलावा, झाडांचा कचरा आणि किडे मिळून घट्ट थर बनतो. समोरून टॉर्च मारला तर जाळी स्वच्छ दिसते, कारण घाण दुसऱ्या जाळीवर असते. समुद्राजवळच्या वर्सोवा-मढसारख्या भागांत खारा वारा पातळ पट्ट्या कुरतडतो. बोट लावलं की त्यांची भुकटी होते. नळ्या शाबूत, पाणी गळत नाही, पण उष्णता वाऱ्याला देणाऱ्या पट्ट्याच उरलेल्या नाहीत.

आणखी एक इथलं कारण म्हणजे सीएनजी. महानगर गॅस १९९५ मध्ये स्थापन झाली आणि पुढे मुंबईभर गाड्या गॅसवर गेल्या. टाकीत गॅस दोनशे बारच्या दाबाने असतो. तो इंजिनाला देताना दाब उतरवावा लागतो आणि दाब उतरला की गॅस गार पडतो. रेग्युलेटर गोठू नये म्हणून त्याच्याभोवती इंजिनाचंच गरम पाणी फिरवतात. बाहेरून किट बसवताना त्यासाठी हीटरचे पाइप कापून मध्ये सांधे घालतात. सांधा ढिला राहिला की हळूहळू पाणी जातं, हवा शिरते आणि ती अडकून पाण्याची वाट बंद होते, म्हणजे एअरलॉक होतो. दुसरं, गॅसची ज्योत पेट्रोलच्या मानाने सावकाश पसरते, त्यामुळे ठिणगी थोडी आधी पडावी लागते. तसं केलं नाही तर जळणं उशिरापर्यंत लांबतं आणि जादा उष्णता एक्झॉस्ट वॉल्वच्या आसपास राहते. पेट्रोलवर थंड आणि गॅसवर गरम अशी गाडी आली, तर रेडिएटरला हात लावायच्या आधी किट बसवणाऱ्याकडे जा.

आता तपासणीचा क्रम सांगतो. क्रम म्हणजे बिनखर्चाचं आधी, खर्चाचं नंतर, आणि हेड उतरवणं सर्वांत शेवटी.

पहिलं, खरंच किती तापते ते मोजा. हल्लीच्या गाड्यांचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. पाणी ऐंशीवर असो की शंभरच्या पुढे, तो मध्यावरच बसतो. हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या गाड्यांत स्टिअरिंगखाली निदानाचं सॉकेट असतं. त्यात छोटा रीडर लावला की मोबाइलवर पाण्याचे अंश दिसतात. त्याच्या जोडीला लांबून तापमान मोजणारी आयआर गन घ्या. करोनात सोसायटीच्या फाटकावर होती ती चालणार नाही; ती अंगाच्या तापापुरतीच असते. कारखान्यात वापरतात ती लागते.

दुसरं, पातळी आणि गळती. गाडी रात्रभर थंड झाल्यावरच झाकण उघडा. तापलेल्या इंजिनाचं झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नये. आत एकशे दहा-वीस अंशांचं पाणी दाबामुळे पाण्याच्या रूपात टिकलेलं असतं. झाकण सुटताच दाब जातो आणि त्यातल्या काही पाण्याची त्या क्षणी वाफ होऊन ती तोंडावर येते. सांध्यांवर सुकलेला रंगीत थर दिसतो का पाहा. आपण ज्याला वॉटर बॉडी म्हणतो त्या पंपाला खाली एक बारीक भोक असतं. तिथे ओघळ दिसला तर सील गेलं.

तिसरं, झाकण. बहुतेक गाड्यांचं झाकण ०.९ ते १.१ बार दाब धरतं. स्प्रिंग मऊ पडली की दाब टिकत नाही आणि हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्वजवळ पाणी लवकर उकळतं. वाफेचा बुडबुडा धातूला चिकटला की त्या जागी पाणी पोचतच नाही. शहरात हा प्रकार होत नाही, वेगात होतो. काही शे रुपयांच्या झाकणापायी हजारोंचे रेडिएटर बदललेले मी पाहिले आहेत. दाब मोजायचा हातपंप प्रत्येक बऱ्या गॅरेजमध्ये असतो. सांगून तपासून घ्या.

चौथं, वाऱ्याची वाट. बंपरखाली आणि रेडिएटरच्या बाजूंना काळ्या प्लास्टिकच्या आणि फोमच्या पट्ट्या असतात. त्या शोभेच्या नाहीत. वेगात हवा नेहमी सोपी वाट धरते. रेडिएटरच्या बाजूने फट मिळाली तर ती जाळीतून जाण्याचा त्रास घेत नाही. खालच्या प्लास्टिकमुळे इंजिनाखाली हवेचा दाब कमी राहतो आणि जाळीतून आलेली गरम हवा बाहेर ओढली जाते. ते प्लास्टिक स्पीडब्रेकरवर तुटतं, मिलन सबवेच्या पाण्यात उखडतं, किंवा ऑइल बदलताना ‘उगीच आवाज करतंय’ म्हणून काढून टाकलं जातं. कमी वेगात पंखा ओढून घेतो, म्हणून काही जाणवत नाही.

पाचवं, पाण्याचा प्रवाह. पाणी गरम झाल्यावर आयआर गन रेडिएटरभर फिरवा. तापमान एका टोकाकडून दुसरीकडे हळूहळू उतरत गेलं पाहिजे. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर टाक्या उघडून, नळ्यांत पट्ट्या घालून साफ व्हायचे आणि डाक लावून पुन्हा बंद व्हायचे. आताच्या अ‍ॅल्युमिनियमच्या, प्लास्टिकच्या टाक्यांच्या रेडिएटरचं तसं होत नाही. ते बदलावे लागतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना स्वस्तात मिळेल, पण त्याच्या नळ्यांची अवस्था तुमच्या रेडिएटरसारखीच नाही ना, हे पाहूनच घ्या. मग खालचा होज पाइप बघा. पंप त्यातून पाणी ओढतो. पाइप मऊ पडला किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली तर जास्त गतीला तो चपटा होतो. गाडी उभी करून, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक लावून, एकाने इंजिन तीन हजार फेऱ्यांवर न्यायचं आणि दुसऱ्याने पट्टा व पंख्यापासून हात लांब ठेवून पाहायचं. पंपाची पाती झिजलेली असतात, काहींत प्लास्टिकची पाती दांड्यावर घसरतात. त्यासाठी रस्त्यावरची एक युक्ती आहे. तोच वेग, तोच रस्ता, पण एक गिअर खाली. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या, पंप जोरात फिरला आणि तापमान उतरलं, तर पाण्याचा प्रवाह कमी पडतोय असं समजा.

सहावं, जादा भार. एखादा ब्रेक चिकटून राहिलाय का, हे तीच आयआर गन चारही चाकांवर धरून कळतं. टायरमधली कमी हवा आणि टपावरचं कॅरिअर याही गोष्टी शंभरच्या वेगात हिशेबात येतात.

सातवं आणि शेवटचं, हेड गॅस्केट. ब्लॉक लोखंडी, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. प्रमाणाबाहेर तापलं की हेड वाकतं आणि गॅस्केटची पकड सुटते. सुरुवातीला ही फट इतकी बारीक असते, की सिलिंडरमधला दाब चढेल तेव्हाच, म्हणजे हायवेवर किंवा घाटात, जळलेला वायू पाण्यात शिरतो. टाकीत बुडबुडे येतात, पाणी बाहेर फेकलं जातं. एक निळं द्रव मिळतं. टाकीच्या तोंडाशी धरून त्यातून वायू ओढला आणि ते पिवळं पडलं तर जळलेला वायू पाण्यात येतोय हे सिद्ध झालं. त्यानंतरच हेड उतरवा. उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून वाक मोजा. मर्यादा मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. ‘नजरेला सरळ दिसतंय’ या भरवशावर हेड घासून सपाट करणं, म्हणजे फेसिंग, टाळू नका.

या क्रमाने काय साधतं याचं एक उदाहरण देतो. बोरिवलीच्या एका गृहस्थांची पेट्रोल हॅचबॅक माझ्याकडे आली तेव्हा तिचा थर्मोस्टॅट, वॉटर बॉडी आणि पंख्याची मोटर आधीच बदलून झालं होतं. आता हेड उतरवू, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. आम्ही रीडर लावून निघालो. पश्चिम द्रुतगतीवर साठच्या वेगाला ९२ अंश. एक्स्प्रेसवेवर शंभरला पंधरा मिनिटांत १११. एसी बंद केल्यावर १०६. वेग सत्तरवर आणल्यावर ९६. गिअर एक खाली घेऊन पाहिला तरी फरक नाही, म्हणजे प्रवाह पुरेसा होता. परत आल्यावर रेडिएटरवरचं तापमान सारखं उतरत जाणारं, म्हणजे आतून बुजलेला नाही. निळं द्रव निळंच राहिलं, म्हणजे गॅस्केट शाबूत. उरला वारा. एसी बंद केल्यावर पाच अंश उतरले होते, तेही तिकडेच बोट दाखवत होते. बंपर काढला. दोन जाळ्यांच्या मध्ये धुळीचा घट्ट थर, बाजूचा फोम गायब आणि खालचं प्लास्टिक आधीच्या बंपर दुरुस्तीत परत बसवलेलंच नव्हतं. जाळ्या इंजिनाच्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने धुतल्या, फोम आणि प्लास्टिक नवं लावलं. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, एसी चालू ठेवून तापमान ९५ वर थांबलं. आधी बदललेल्या तिन्ही पार्टांत मुळात दोष नव्हता.

वाटेत तापलीच तर काय करायचं, तेही सांगून ठेवतो. एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवा. हीटर हाही छोटा रेडिएटरच आहे. वेग उतरवा, रस्त्याच्या कडेला गाडी घ्या, धोक्याचे दिवे लावा, मागे त्रिकोण ठेवा आणि माणसांना कठड्यापलीकडे न्या. पाणी गळत असेल किंवा वाफ निघत असेल तर इंजिन लगेच बंद. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. आणि ‘आलंच लोणावळा’ म्हणून पुढे रेटायचं नाही. दहा किलोमीटरच्या त्या हट्टापायी इंजिन सीझ होतं.

शेवटी एक मुद्दा मांडून थांबतो, आणि तो तुमच्या माझ्या व्यवहाराचा आहे. आपण मेकॅनिकला पार्टचे पैसे देतो, बदलण्याच्या मजुरीचे देतो. शोधण्याचे देत नाही. ज्याने दोन तास गाडी पळवून, मोजून ‘फक्त झाकण बदला’ असं सांगितलं, त्याच्या हातावर आपण झाकणाची किंमत ठेवतो आणि वर ‘एवढंसंच तर काम होतं’ म्हणतो. ज्याने न मोजता रेडिएटर बदलला त्याचं बिल मात्र बिनबोभाट भरतो. मग बाजारात कोण टिकणार? आयटीआयमधून दोन वर्षं मोजमाप शिकून बाहेर पडलेली मुलं आमच्या गॅरेजांत येतात आणि सहा महिन्यांत मोजणं सोडून देतात, कारण मोजण्याला दर नाही. आणि मोजण्याची गरज तर वाढतेच आहे. एक्स्प्रेसवेवर मोटारींना सपाटीला शंभरची मुभा आहे, आणि समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण होऊन मुंबईच्या वेशीपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा, ताशी १२० पर्यंतचा रस्ता खुला झालाय. वऱ्हाडातल्या मे महिन्यात त्या वेगाला अंदाजाने केलेली दुरुस्ती टिकणार नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. गॅरेजच्या कार्डावर चार ओळी असाव्यात: केव्हा तापते, किती अंशांवर गेली, काय बदललं, आणि बदलल्यावर त्याच वेगाला किती अंश आले. चौथी ओळ रिकामी असेल तर काम पुरं झालेलं नाही, बिल देऊ नका. आणि चारही ओळी भरलेल्या असतील तर पार्ट एकही बदललेला नसला, तरी त्या शोधाचे पैसे आनंदाने द्या. गुरुजींच्या विद्यार्थ्यांसाठी यापेक्षा उपयोगी गुरुदक्षिणा मला सुचत नाही.